हातचा एक

नदीचं नाव प्सोऊ. पलीकडे रशिया.
सोळा ते साठ वयाच्या पुरुषांना पूल बंद होता,
म्हणून त्या वर्षांत आमच्या बाजूने
फक्त बायका गेल्या, म्हातारे गेले, आणि संत्री.

माझी आई एस्मा सतरा वर्षं शिकली,
त्यातली पाच दूर उत्तरेत, बर्फात, शिष्यवृत्तीवर.
युद्धाआधी सुखुमीच्या संस्थेत
ती उजेडाचे रंग मोजायची.
पगाराच्या संध्याकाळी नोटा टेबलावर मांडायची:
हे शाळेचं, हे पदवीचं,
आणि ही शेवटची कोरी नोट
त्या वर्षाची, जेव्हा मी रडत घरी यायला निघाले होते.
त्या नोटेचं आम्ही आईस्क्रीम खायचो.

मग युद्ध झालं. मग युद्ध संपलं, आणि वाटा बंद झाल्या.
संस्था चालूच होती. पगार म्हणजे चिठ्ठीवर पाव.
पहारेकऱ्याला अर्धा.
संचालकांना अर्धा.
आईलाही अर्धाच. तिने एकदा तो तराजूत घातला,
जुन्या सवयीने, तीनदा.

शेजारची खिब्ला आठवी नापास.
कुठल्या वारी कुठला शिपाई पुलावर असतो,
कोण पैसे घेतो, कोण नुसतीच कोन्याक,
मोजमापाला बसलेल्या बाईचा काटा किती खोटा,
सगळं तिला तोंडपाठ.
आई तिच्या हाताखाली शिकाऊ लागली.
नफ्यातला तिसरा हिस्सा. हिशेब आई करायची,
आणि हिस्सा खिब्ला ठरवायची.

बाबा चव्वेचाळीसचे. डॉक्टरेट.
पुलाच्या लेखी नुसते चव्वेचाळीसचे.
एका रात्री त्यांनी प्रयोगशाळेतलं फिरतं यंत्र उघडलं,
त्यातले बेअरिंग काढून आमच्या हातगाडीला बसवले,
आणि सकाळी संस्थेच्या नोंदवहीत लिहिलं,
तारीख घालून, सही करून:
"यंत्र दुरुस्तीसाठी बाहेर."

सगळ्यांच्या गाड्या पुलभर किंचाळायच्या.
आमची नाही.
दीडशे किलो संत्री लोण्यावरून गेल्यासारखी.
त्या शांततेत आई मला बेरजा घालायची.
मी अकरा वर्षांची, मागून गाडी ढकलत.
हातचा एक विसरू नकोस, ती म्हणायची,
दिसत नाही म्हणून तो नसतो असं नाही.

फेब्रुवारीत एक पोरगेला शिपाई
गुडघ्यावर वही घेऊन बसला होता. टपालाने शिकत होता.
आईने उलट्या बाजूनेच त्याची चूक वाचली,
बोट ठेवलं. त्याने खोडलं. तिने पुढचंही सांगितलं.
त्याने आम्हाला रांगेतून पुढे घेतलं,
चाळीस बायकांच्या पुढे.
मागे कोणी काही बोललं नाही.
खिब्लासुद्धा. ती फक्त
संत्र्यांवरचा कपडा नीट करत राहिली, जो नीटच होता.

दुसऱ्या दिवशी आई मुकाट्याने शेवटी उभी राहिली.
शिपायाने हाक मारली. तिने ऐकलं नाही.
मी तिच्यावर चिडले होते. पाय गोठले होते माझे.
अजून थोडी चिडलेलीच आहे.

आता मी त्राब्झोनला, हेझलनटच्या कारखान्यात.
माझी पदवी सुखुमीची.
खिडकीतल्या माणसाने ती उलटी करून पाहिली,
जणू देश मागच्या बाजूला छापला असेल.
मग "शिक्षण" या रकान्यात त्याने छोटीशी रेघ मारली.
पट्ट्यावरून नट येतात. किडके डावीकडे.
माझ्या शेजारची मुलगी शाळेत गेलेली नाही,
तिचा हात माझ्यापेक्षा चपळ आहे,
आणि तिला चार लिरा जास्त मिळतात. रास्तच आहे.

आई फोनवर विचारते, धरली का पदवी?
बघताहेत, मी म्हणते.
ती ओळखते. विषय बदलते.
बाबांनी गाडी अजून मोडीत काढलेली नाही म्हणते,
परवा तेल घातलं तिला.

संस्थेत ती नोंदवही असेल कुठेतरी.
परतीच्या तारखेचा रकाना
कोरा.